विजयदुर्गच्या खाऱ्या हवेत इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन टिकेल का? वीज, देखभाल आणि दुरुस्तीचं सगळं गणित

पावसाळ्यात विजयदुर्गच्या कुठल्याही स्वयंपाकघरात दोन गोष्टी हमखास होतात. डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर पापड सादळतात आणि बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. जगातल्या सगळ्यात नाजूक हेडफोनला कोकण किनाऱ्यावर काय त्रास होतो, हे समजून घ्यायला ही दोन उदाहरणं पुरेशी आहेत.

इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. नाव लांबलचक आहे, वस्तू महाग आहे आणि तिचे चाहते जगभर आहेत. तानपुऱ्याची जवारी, गायकाने घेतलेला श्वास, तबल्याच्या शाईवर बोट घासल्याचा आवाज, असे बारकावे यात जसे उलगडतात तसे फार कमी हेडफोनमध्ये उलगडतात, असं ते सांगतात. पण हा हेडफोन मोबाईलला लावून चालत नाही. त्याला शेकडो व्होल्ट लागतात, कोरडी हवा लागते आणि बिघडला तर गावातल्या मोबाईलच्या दुकानात दुरुस्त होत नाही.

मुंबईचा चाकरमानी निवृत्तीनंतर गावच्या घरी राहायला येताना असा सेट सोबत आणतो, किंवा परदेशातला भाचा जुना सेट पाठवून देतो. आता देवगड तालुक्याच्या टोकाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी, समुद्राला लागून असलेल्या गावात हे यंत्र जगवायचं कसं? उत्तर थोडं सविस्तर आहे.

हा हेडफोन वेगळा कशामुळे?

साध्या हेडफोनमध्ये एक चुंबक असतो, तारेचं एक वेटोळं असतं आणि त्याला चिकटलेला पडदा असतो. वेटोळ्यातून करंट गेला की ते हलतं आणि सोबत पडदा हलतो. अगदी दोनशे रुपयांच्या इअरफोनपासून महागड्या हेडफोनपर्यंत बहुतेकांचं काम असंच चालतं.

इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये चुंबक नाही आणि वेटोळंही नाही. इथे असतो प्लास्टिकच्या फिल्मचा एक ताणलेला पडदा. त्याची जाडी साधारण १ ते २ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. या पडद्यावर विद्युतवाहक पदार्थाचा अतिशय पातळ लेप असतो आणि त्यावर कायम शेकडो व्होल्टचा चार्ज ठेवलेला असतो. या कायमच्या दाबाला ‘बायस’ म्हणतात.

पडद्याच्या पुढे आणि मागे, अगदी थोड्या अंतरावर, भोकं पाडलेल्या दोन धातूच्या जाळ्या असतात. त्यांना ‘स्टेटर’ म्हणतात. गाण्याचा सिग्नल या जाळ्यांना दिला जातो. एक जाळी पडद्याला ओढते त्याच क्षणी दुसरी ढकलते. केस विंचरलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तेच हे बळ.

यातला मुख्य फायदा असा की पडद्याला एका जागी धरून हलवलं जात नाही, त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी जोर लागतो. पडदा जवळपास हवेइतकाच हलका असल्याने तो पटकन हलतो आणि पटकन थांबतो. म्हणून आवाज स्वच्छ आणि मोकळा वाटतो. ढोल-ताशाचा छातीत बसणारा दणका मात्र यात तितका मिळत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं.

हे बनवतं कोण?

या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव जपानच्या स्टॅक्स कंपनीचं. १९३८ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९६० मध्ये एसआर-१ हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बाजारात आणला. कंपनी आपल्या हेडफोनला ‘इअरस्पीकर’ म्हणते. २०११ पासून ती चीनच्या एडिफायर या कंपनीकडे आहे.

अमेरिकेच्या कॉसने १९६८ मध्ये ईएसपी-६ आणला आणि १९९० मध्ये ईएसपी/९५०. जर्मनीच्या सेनहायझरने १९९१ च्या सुमारास ‘ऑर्फियस’चे जेमतेम ३०० सेट बनवले. २०१५ मध्ये त्याचा नवा अवतार एचई-१ जाहीर झाला, तेव्हा किंमत होती सुमारे ५० हजार युरो. त्याच वर्षी शुअरने कानात घालायचा इलेक्ट्रोस्टॅटिक इअरफोन, केएसई१५००, बाजारात आणला.

भारतही यात मागे नाही. काल्डास रिसर्च या भारतीय कंपनीने ‘आरआर१ कॉन्क्वेस्ट’ नावाचा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बनवला. तो स्टॅक्सच्या ५८० व्होल्टच्या पद्धतीवर चालतो.

मोबाईलला का लावता येत नाही?

बहुतेक साध्या हेडफोनना एक-दोन व्होल्टचा सिग्नल पुरतो. इथे गणितच वेगळं आहे. स्टॅक्सच्या हेडफोनला १०० व्होल्टचा सिग्नल दिला तेव्हा कुठे साधारण १०० डेसिबल आवाज मिळतो. त्याशिवाय पडद्याला बायस हवा तो वेगळाच.

म्हणून या हेडफोनसोबत खास अॅम्प्लिफायर घ्यावाच लागतो. स्टॅक्स त्याला ‘ड्रायव्हर युनिट’ म्हणते, कॉस ‘एनर्जायझर’ म्हणते. नुसता हेडफोन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि अॅम्प्लिफायर नसला, तर ती शोभेची वस्तू होऊन बसते.

आणखी एक मार्ग आहे. स्टॅक्सच्या जुन्या एसआरडी-७ सारख्या डब्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो. घरातल्या स्पीकरच्या अॅम्प्लिफायरचं आउटपुट त्याला द्यायचं, तो व्होल्टेज वाढवून हेडफोनला देतो.

पिना मोजायला विसरू नका

स्टॅक्सच्या जुन्या हेडफोनना २३० व्होल्टचा बायस लागतो आणि त्यांच्या प्लगला ६ पिना असतात. याला ‘नॉर्मल बायस’ म्हणतात. नंतरच्या हेडफोनना ५८० व्होल्ट लागतात आणि पिना ५ असतात. हा ‘प्रो बायस’.

५ पिनांचा प्लग ६ भोकांच्या जुन्या सॉकेटमध्ये बसतो. नुकसान होत नाही, पण बायस कमी मिळाल्याने आवाज बारीक येतो. उलट प्रकार धोक्याचा आहे. जुन्या हेडफोनला ५८० व्होल्ट मिळाले तर तो खराब होऊ शकतो. म्हणून ६ पिनांचा प्लग ५ भोकांच्या सॉकेटमध्ये जात नाही. ती मधली पिन कापून जबरदस्तीने बसवण्याचा उद्योग कुणी सुचवला तरी करायचा नाही.

जुन्या बाजारात आणखी एक घोळ होतो. ‘इलेक्ट्रेट’ नावाचे हेडफोन १९७० च्या दशकात बरेच निघाले. त्यांच्यात चार्ज कायमचा भरलेला असतो, बाहेरून बायस लागत नाही. कॉलर माइकमध्ये हेच तंत्र वापरलं जातं. विकणारा कधी कधी त्यांनाही इलेक्ट्रोस्टॅटिकच म्हणतो. त्यामुळे मॉडेलचा नंबर विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कानाजवळ ५८० व्होल्ट? शॉक लागला तर?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तर असं की धोका व्होल्टवर कमी आणि शरीरातून वाहणाऱ्या करंटवर जास्त ठरतो. बायसच्या वाटेत साधारण ५० लाख ओहमचा रेझिस्टर बसवलेला असतो. ५८० भागिले ५० लाख, म्हणजे फार तर ०.१२ मिलिअँपिअरच्या आसपास करंट. घरातल्या सुरक्षेच्या आरसीसीबीला ट्रिप व्हायला ३० मिलिअँपिअर लागतात. यावरून हा करंट किती किरकोळ आहे ते कळेल.

पण दोन ठिकाणी सावध राहायला हवं. एक, हेडफोनची केबल. तिच्यातून सिग्नलचेही शेकडो व्होल्ट जातात. उंदराने कुरतडलेली किंवा आवरण फाटलेली केबल टेप गुंडाळून वापरायची नाही, बदलायची. दोन, अॅम्प्लिफायरचा डबा. आत मोठे कपॅसिटर असतात आणि प्लग काढल्यानंतरही त्यांच्यात जीवघेणा चार्ज उरू शकतो. तो डबा उघडणं हे उच्च व्होल्टेजचं काम येणाऱ्या माणसाचं काम आहे. घरच्या पंख्याची वायर जोडता येते म्हणून हे जमेल असं नाही.

विजयदुर्गच्या हवेत नेमकं काय बिघडतं?

आता मूळ मुद्दा. या हेडफोनचं सगळं काम एका गोष्टीवर चालतं. पडद्यावरचा चार्ज पडद्यावरच राहिला पाहिजे. तो हळूहळू गळायला लागला की आवाज जातो. म्हणजे इथे वीज पुरवण्यापेक्षा वीज गळू न देणं महत्त्वाचं.

चार्ज गळू नये म्हणून पडद्याच्या कडेची चौकट न वाहणाऱ्या पदार्थाची असते. पण त्या चौकटीवर ओलाव्याचा थर बसला की तिथून वाट तयार होते. नुसत्या पाण्याच्या वाफेनेही हे होतं, पण किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते.

लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाणी सुकतं, मिठाचे कण वाऱ्यासोबत घरात येतात आणि सगळ्या वस्तूंवर बसतात. खिडकीचे गज, सायकल, टीव्हीची डिश लवकर गंजतात त्यामागे हेच मीठ आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते याहून कमी आर्द्रतेतही ओल धरतात. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. मग हेडफोनच्या चौकटीवर बसलेला मिठाचा न दिसणारा थर चार्जला पळवाट करून देतो.

कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे चार महिने ही पळवाट उघडी.

गंमत म्हणजे किनाऱ्यावर लाईट जाण्यामागचं एक कारणही हेच आहे. उन्हाळाभर विजेच्या खांबांवरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ साचते. पहिली बारीक सर आली, धुकं पडलं की तो थर ओला होतो आणि वीज इन्सुलेटरवरून घसरून खांबात उतरते. लाइन ट्रिप होते. जोराच्या पावसात मीठ धुऊन जातं तेव्हा हा त्रास कमी होतो. हेडफोनला असा पाऊस धुवायला येत नाही, म्हणून तिथे साचलेलं मीठ साचलेलंच राहतं.

हेडफोन सादळलाय हे कसं ओळखायचं?

पहिलं लक्षण, एका बाजूचा आवाज हळूहळू बारीक होणं. सुरू करताना दोन्ही बाजू सारख्या असतात आणि पंधरा-वीस मिनिटांत एक कान मागे पडतो. दुसरं, अधूनमधून बारीक चरचर किंवा शीळ. तिसरं, टिकटिक असा ठिणगीसारखा आवाज. यामागे ओल असते, धूळ असते किंवा जाळी आणि पडदा यांच्यामध्ये अडकलेला एखादा केस असतो.

दोष नेमका कुठे आहे हे तीन पायऱ्यांत कळतं.

पहिली पायरी: हेडफोन उलटा घालायचा, डावा कप उजव्या कानावर. बारीक आवाज अजूनही त्याच कानाला येत असेल तर हेडफोन ठीक आहे. कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्यावं.

दुसरी पायरी: बारीक आवाज कपासोबत दुसऱ्या कानावर गेला, तर अॅम्प्लिफायरच्या मागे येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी अदलाबदल करायच्या. आता दुसरा कप बारीक झाला तर दोष वायरीत, प्लेअरमध्ये किंवा रेकॉर्डिंगमध्येच आहे.

तिसरी पायरी: तरीही तोच कप बारीक राहिला तर दोष हेडफोनमध्ये किंवा अॅम्प्लिफायरमध्ये. तो वेगळा करायला दुसरा सेट लागतो.

एक आवाज मात्र बिघाडाचा नसतो. हेडफोन कानावर दाबला की काही मॉडेलमध्ये ‘पुर्र’ किंवा ‘टप’ असा आवाज येतो. कानाभोवती हवा कोंडली जाते आणि पातळ पडदा एकदम जाळीकडे ढकलला जातो, त्याचा तो आवाज. हात सोडला की पडदा जागेवर येतो.

सादळलेला हेडफोन कोरडा कसा करायचा?

घाई न करणं हा पहिला नियम. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा मोठा डबा घ्यायचा. त्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवायचा. हेडफोन त्यात तीन-चार दिवस ठेवायचा. नुसतं सादळणं असेल तर बहुतेक वेळा आवाज परत येतो.

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे. फोटोग्राफर लेन्सला बुरशी लागू नये म्हणून विजेवर चालणारं ‘ड्राय कॅबिनेट’ वापरतात. किनाऱ्यावर राहून हा हेडफोन रोज वापरायचा असेल तर असं कॅबिनेट चैनीत मोडत नाही, सेटचाच भाग समजायचं.

सिलिका जेलचे रंग बदलणारे दाणे ओलावा भरल्याचं सांगतात. ते ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांमध्ये कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे. म्हणून नारिंगी दाणे घ्यावेत आणि स्वयंपाकाच्या भांड्यात कुठलेच तापवू नयेत.

काय करायचं नाही, ही यादी जास्त महत्त्वाची आहे.

हेअर ड्रायर मारायचा नाही. गरम हवेने पडद्याचा ताण बदलतो आणि मग तो जाळीला चिकटू शकतो.

उन्हात वाळत ठेवायचा नाही. पापडाचा उपाय इथे चालत नाही.

तांदळाच्या डब्यात पुरायचा नाही. भिजलेल्या मोबाईलसाठी लोक तो प्रयोग करतात, पण तांदळाचं पीठ जाळीतून आत गेलं तर नवं दुखणं सुरू होतं.

कपाटात ठेवायचे ओलावा शोषणारे डबे, ज्यांच्यात खाली पाणी साचतं, ते हेडफोनच्या डब्यात ठेवायचे नाहीत. ते पाणी म्हणजे क्षारांचंच पाणी असतं, सांडलं तर संपलं.

डांबरगोळ्या जवळ ठेवायच्या नाहीत. त्यांची वाफ दुसऱ्या जागी पुन्हा थिजते.

आत फुंकर मारायची नाही. तोंडातून हवेसोबत ओल आणि थुंकीही जाते.

एसीच्या खोलीत वापर असेल तर आणखी एक काळजी. थंडगार हेडफोन एकदम बाहेरच्या दमट हवेत नेला की थंड पाण्याच्या ग्लासवर येतात तसे थेंब त्याच्यावर येतात. म्हणून बाहेर नेताना आधी डब्यात बंद करायचा आणि तासाभराने डबा उघडायचा.

विजेचं काय?

इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिला, जपानहून आलेला सेट. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनवलेला अॅम्प्लिफायर १०० व्होल्टवर चालतो. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. थेट प्लग लावला तर फ्यूज उडेल, आणि नशीब नसेल तर ट्रान्सफॉर्मरही जळेल. काही जुन्या मॉडेलच्या आत व्होल्टेज बदलायची सोय असते, सगळ्यांत नसते. मागच्या पट्टीवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

उपाय म्हणजे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. पण दुकानात सर्रास मिळतो तो ११० व्होल्टचा, अमेरिकी उपकरणांसाठीचा. गावात रात्री व्होल्टेज २५० पर्यंत चढलं तर हा ट्रान्सफॉर्मर जवळपास १२० व्होल्ट देईल. १०० व्होल्टच्या यंत्राला ते जास्त होतात. म्हणून २३० चे १०० करणाराच ट्रान्सफॉर्मर मागायचा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात विचारलं तर ऑर्डरप्रमाणे गुंडाळून देणारे सापडतात. यंत्र ५० वॅटचं असेल तर ट्रान्सफॉर्मर १५० ते २०० व्हीएचा घ्यावा, म्हणजे तापत नाही.

दुसरा प्रश्न, लाईट जाण्याचा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा खांब पडले, तारा तुटल्या आणि कित्येक गावं काही दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात लाईट येते-जाते. इन्व्हर्टरवर हा सेट चालतो, पण इन्व्हर्टर ‘प्युअर साइन वेव्ह’चा हवा. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तीच गुणगुण हेडफोनमध्ये ऐकू येऊ शकते.

स्टॅक्सच्या एसआरएम-२५२एस सारखा छोटा अॅम्प्लिफायर १२ व्होल्ट डीसीवर चालतो आणि जेमतेम ४ वॅट घेतो. वारंवार लाईट जाणाऱ्या गावात हा प्रकार सोयीचा. अडॅप्टर हरवला तर दुसरा लावण्याआधी व्होल्टेज आणि पिनेचं प्लस-मायनस दोन्ही जुळवून घ्यायचं.

तिसरा प्रश्न, विजांचा. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये कोकणात गडगडाट सुरू झाला की प्लग भिंतीतून काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घेणं टीव्ही-फ्रिजसाठीही गरजेचंच आहे.

बिलाची काळजी मात्र नको. ५० वॅटचा अॅम्प्लिफायर रोज दोन तास चालला तर महिन्याला ३ युनिट होतात.

पाली, धूळ आणि उदबत्तीचा धूर

मोठे अॅम्प्लिफायर सुरू असताना चांगलेच गरम होतात. पावसाळ्यात कोरडी उबदार जागा शोधत पाली, मुंग्या, झुरळं अशा डब्याच्या जाळीतून आत शिरतात. उच्च व्होल्टेजच्या दोन टोकांवर पाल आली की तीही जाते आणि यंत्रही जातं. म्हणून अॅम्प्लिफायर भिंतीपासून दूर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. वापर नसताना थंड झाल्यावर सुती कापडाने झाकावा. चालू असताना झाकायचा नाही, हवा खेळती हवी.

हेडफोन खुंटीला टांगून ठेवायची सवय इथे महागात पडते. उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ, एरवी उदबत्ती आणि धुपाचा धूर, फोडणीची वाफ, हे सगळं चार्ज असलेल्या पडद्याकडे ओढलं जातं. टीव्हीच्या जुन्या काचेवर धूळ कशी बसायची ते आठवा. कानाच्या बाजूला आत एक अतिशय पातळ संरक्षक फिल्म असते. ती बोटाने किंवा कापसाने पुसायला जाऊ नये, फाटते. ऐकून झालं की बंद करायचं आणि डब्यात ठेवायचं.

पॅड ही झिजणारी वस्तू आहे. किनाऱ्यावर घामाने आणि बुरशीने ती लवकर खराब होते. ऐकण्याआधी कान आणि गाल कोरडे पुसावेत, डोक्याला नुकतंच तेल लावलेलं असेल तर आज ऐकणं राहू द्यावं. जुन्या पॅडमधला स्पंज भुगा होऊन आत सांडतो, त्यामुळे पॅड कडक झाले किंवा तुकडे पडायला लागले की लगेच बदलायचे. प्लगच्या पिना आणि मागच्या वायरींची टोकं महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसायची, नाहीतर हिरवट गंज चढतो. स्प्रे मारायचा झाला तर कापडावर मारायचा, हेडफोनवर कधीच नाही.

बंद घरात ठेवून जायचं का?

नाही. गणपतीला घर उघडायचं, पाच-सात दिवस राहायचं आणि पुन्हा कुलूप लावायचं, अशी कोकणात बरीच घरं आहेत. बंद कौलारू घरात पावसाळाभर हवा खेळत नाही, भिंती ओल धरतात, कपाटातल्या कपड्यांना वास येतो. तिथे हा हेडफोन चार महिने ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षी एक कान गमावणं. वापर सणापुरता असेल तर सेट मुंबई-पुण्यातच ठेवावा किंवा जाताना सोबत घेऊन जावा.

बिघडला तर कुठे न्यायचा?

कणकवली किंवा देवगडमधला चांगला मेकॅनिक अॅम्प्लिफायरचा फ्यूज, अडॅप्टर, वायर बघू शकेल. हेडफोनच्या आतला पडदा मात्र तिथे दुरुस्त होत नाही. तो अत्यंत पातळ आणि ठरावीक ताणात बसवलेला असतो, बहुतेक वेळा संपूर्ण ड्रायव्हरच बदलावा लागतो आणि त्यासाठी कंपनीकडे पाठवावं लागतं. परदेशी पाठवायचं म्हटलं की येण्याजाण्याचा कुरिअर खर्च, कस्टमची कागदपत्रं आणि काही आठवड्यांची वाट. म्हणून खरेदीच्या वेळी किमतीच्या आधी एकच प्रश्न विचारावा. भारतात दुरुस्ती कोण करतं आणि सुटे पॅड कुठे मिळतात? याचं लेखी उत्तर न देणाऱ्याकडून घेऊ नये.

सेकंड हँड सेट घेताना किमान अर्धा तास ऐकून बघावा. सादळलेला हेडफोन पहिली पाच मिनिटं छान वाजतो, खरं रूप नंतर दाखवतो. मुंबईच्या एसीच्या खोलीत ऐकून घेतलेला सेट गावी आल्यावर वेगळा वागू शकतो, हेही लक्षात ठेवावं.

मग घ्यावा की नाही?

हा हेडफोन उघडा असतो. आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. म्हणजे पत्र्यावर पाऊस वाजत असताना, पंखा फुल स्पीडवर असताना ज्या बारकाव्यांसाठी पैसे मोजले ते ऐकूच येत नाहीत. पावसाळ्याचे चार महिने ओलही जास्त आणि आवाजही जास्त. कोकणातल्या माणसासाठी याचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, तोही रात्रीच्या शांततेत.

घर वर्षभर उघडं आहे, एक कोरडी खोली किंवा ड्राय कॅबिनेट आहे, चांगला इन्व्हर्टर आहे आणि ऐकून झाल्यावर वस्तू जागेवर ठेवायची शिस्त आहे, तर विजयदुर्गातही हा हेडफोन चांगला टिकू शकतो. यातलं एकही नसेल तर तेवढ्याच पैशात उत्तम साधा हेडफोन घ्यावा. त्यालाही खारी हवा लागते, पण त्याचा आवाज पडद्यावरच्या चार्जवर अवलंबून नसतो.

घ्यायचं ठरलंच तर बजेटमध्ये तीन आकडे धरावेत. हेडफोन, अॅम्प्लिफायर आणि त्याला कोरडं ठेवण्याचा खर्च. तिसरा आकडा बहुतेक लोक धरत नाहीत आणि पहिल्याच पावसाळ्यात एक कान बारीक झाला की कंपनीला दोष देतात. घरातल्या आजीला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही. पापडाच्या डब्याचं झाकण नीट लावलं नाही की काय होतं, हे तिला कधीपासून माहीत आहे.